टँकरभर भूल

भारतात वर्षाला सव्वादोन ते अडीच कोटी बाळं जन्मतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार त्यांतली २१.५ टक्के सिझरनं होतात. ढोबळ हिशेबानं वर्षाला ५० लाख सिझर, म्हणजे मिनिटाला नऊ-दहा. यांतल्या बहुतेक बायकांना पूर्ण भूल देत नाहीत. कमरेत एक सुई टोचतात, छातीखालचं अंग बधिर होतं आणि बाई जागी असतानाच बाळ बाहेर येतं. दहांतल्या नऊ जणींना अशी भूल मिळते असं धरू, म्हणजे ४५ लाख. प्रत्येकीला ‘जड ब्युपिव्हाकेन’ नावाचं औषध साधारण दोन मिलिलिटर लागतं. गुणाकार केला तर ९० लाख मिलिलिटर, म्हणजे ९,००० लिटर. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावात पाण्याचा जो दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो देशातल्या वर्षभराच्या सिझरच्या भुलीनं काठोकाठ भरणारही नाही. त्यातलं प्रत्यक्ष औषध अवघं ४५ किलो. बाकी सगळं पाणी आणि साखर.

या दोन मिलिलिटरनं काय काय बिघडू शकतं याची यादी लांब आहे. रक्तदाब कोसळणं, डोकेदुखी, श्वास अडकणं, नसेला इजा, संसर्ग, मणक्यात रक्ताची गाठ, हृदय बंद पडणं. संमतीपत्रावर हे सगळे प्रकार एकाखाली एक शिस्तीत उभे असतात. त्यांच्यातला एक दहांतल्या सात-आठ जणींना गाठू शकतो, दुसरा अडीच लाखांत एकीला, आणि सही करणाऱ्या नवऱ्याला दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

आधी सुई कुठे जाते ते पाहू. बाईला टेबलाच्या कडेला बसवतात. “हनुवटी छातीला लावा, पाठ बाहेर काढा, अजिबात हलू नका.” नऊ महिन्यांचं पोट मध्ये असताना हे ऐकायला बरं, करायला अवघड. भूलतज्ज्ञ कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा चाचपून त्यांना जोडणारी रेघ मनात ओढतो. ती रेघ कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. सुई तिथे किंवा एक घर वर जायची असते. सुईची लांबी नऊ सेंटिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. कातडीपासून पाच-सहा सेंटिमीटर आत गेल्यावर आवरणातून पार झाल्याचा बारीकसा झटका बोटांना जाणवतो. सुईतली तार काढली की मागच्या टोकाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब जमतो. तो दिसला की सिरिंज लावायची आणि औषध सावकाश सोडायचं.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि खाली फक्त नसांचा जुडगा पाण्यात सुटा असतो. म्हणून इतकी मोजामोज. पण हाताच्या चाचपणीवर किती भरवसा ठेवावा? २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांनी बोटांनी ओळखलेली जागा एमआरआयवर पडताळून पाहिली. बरोबर निघाली ती २९ टक्के. काही वेळा चूक चार मणक्यांपर्यंत गेली होती, आणि बहुतेक चुका वरच्या बाजूच्या, म्हणजे मज्जारज्जूकडे सरकणाऱ्या होत्या. तरीही बायका धडाधड लुळ्या पडत नाहीत, कारण मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली एक-दोन घरं सोडूनच सुई घालायची असा दंडक आहे. चूक होणारच हे गृहीत धरून चुकीला जागा ठेवली आहे.

आता त्या साखरेचं. पाठीतल्या पाण्याची घनता साध्या पाण्याएवढीच, मिलिलिटरला १.०००३ ग्रॅमच्या आसपास. औषधात दर मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम ग्लुकोज घातल्यामुळे त्याची घनता १.०२ च्या घरात जाते. फरक दोनच टक्क्यांचा, पण तेवढ्यानं औषध पाण्यात खाली बसतं आणि भूलतज्ज्ञाला टेबल वरखाली कलवून भूल हवी तिथवर नेता येते. सिझरसाठी ती स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढावी लागते, कारण पोटाच्या आतल्या पडद्याच्या नसा तिथून निघतात. तिच्यापासून श्वासपटलाच्या नसांपर्यंत मध्ये जेमतेम सहा पायऱ्या उरतात. पूर्ण यश आणि धोका यांच्यात एवढंच अंतर, आणि ते राखायचं साधन म्हणजे साखर आणि टेबलाचा उतार. वैद्यकातली काही तंत्रं इतकी साधी असतात की विश्वास बसत नाही.

या भुलीचं सुरुवातीचं एक दुष्परिणाम-प्रकरण खुद्द तिच्या जनकाचं आहे. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर या शल्यचिकित्सकानं १६ ऑगस्ट १८९८ रोजी एका रुग्णाच्या पाठीत कोकेन सोडून घोट्याची शस्त्रक्रिया केली. पाठीतलं पाणी काढायची पद्धत त्याच शहरात क्विंक यांनी १८९१ मध्ये मांडली होती. बीअरनं पाणी काढण्याऐवजी औषध आत घातलं. आणखी काही रुग्णांवर यश आलं, पण अनेकांचं डोकं भयंकर दुखलं आणि त्यांना उलट्या झाल्या. हे औषधानं होतं की टोचण्यानं, हे कळावं म्हणून २४ ऑगस्टला बीअरनं स्वतःची पाठ आपल्या सहायकासमोर, हिल्डेब्रांटसमोर धरली. सुई आत गेली, पण सिरिंजचं तोंड सुईवर बसेना. ते जुळवण्याच्या खटपटीत बीअरच्या पाठीतलं पाणी वाहून गेलं आणि प्रयोग फसला. मग त्याच संध्याकाळी हिल्डेब्रांटनं आपली पाठ पुढे केली. पाच मिलिग्रॅम कोकेन गेलं आणि पाऊण तास त्याचे पाय बधिर राहिले. बधिरता तपासायला बीअरनं त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, पायाला पेटती सिगार लावली, अंगावरचे केस उपटले. हिल्डेब्रांटला काही दुखलं नाही. यश साजरं करायला दोघांनी वाइन घेतली आणि सिगार ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून बीअरचं डोकं धरलं ते नऊ दिवस. आडवं झालं की बरं, उठलं की सुरू. हिल्डेब्रांटला डोकेदुखी, उलट्या, शिवाय नडगीवर काळेनिळे वळ.

दोनच वर्षांनी, १९०० साली, बाझलच्या ओस्कार क्राइसनं सहा बाळंतिणींना ही भूल दिली.

बीअरच्या डोकेदुखीमागचं गणित आज नीट माहीत आहे. मेंदू आणि मज्जेभोवती एका वेळी १५० मिलिलिटर पाणी असतं. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवीन बनवतं, म्हणजे ते सगळं पाणी दिवसात तीन-चार वेळा बदलतं. आवरणाला पडलेल्या छिद्रातून गळती भरपाईपेक्षा जास्त झाली की उभं राहताच मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि डोकं ठणकतं. म्हणून सुई किती जाड हे महत्त्वाचं: ०.७ मिलिमीटरच्या सुईचं छिद्र ०.४ च्या सुईच्या तिप्पट क्षेत्रफळाचं असतं. त्याहून महत्त्वाचं तिचं टोक. धारदार टोक आवरण कापतं, पेन्सिलीसारखं टोक धागे बाजूला सारून आत शिरतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’नं ११० चाचण्या आणि ३१,४१२ माणसांचा एकत्र हिशेब छापला. हे सगळे लोक पाठीत सुई टोचून घेतलेले होते, नुसत्या बाळंतिणी नव्हे. जुन्या टोकाच्या सुईनं ११ टक्क्यांना डोकेदुखी झाली, पेन्सिल टोकानं ४.२ टक्क्यांना. सिझरसाठीच्या सुया आधीच बारीक असल्यानं तिथे फरक कमी पडेल. पण आपल्या ४५ लाखांत एकच टक्का कमी झाला तरी ४५ हजार बायका उठून बसून बाळाला पाजू शकतील. पेन्सिल टोकाची सुई थोडी महाग मिळते, बस.

आपल्याकडे ही डोकेदुखी हिशेबात येण्याआधीच दुसऱ्या नावानं खपते. सिझर होऊन दोन दिवस झाले, बाई घरी आली, उठून बसली की डोकं फुटतं. घरातली म्हातारी सांगते, वारा लागला, कानात कापूस घाल, डोक्याला फडकं बांध. आठवडाभरात बहुतेकींचं दुखणं आपोआप थांबतं, म्हणून निदान बरोबर होतं असंही वाटतं. पण या डोकेदुखीबद्दल अमेरिकेतल्या २ कोटी २१ लाख बाळंतपणांच्या नोंदी काही सांगतात. मेंदूवर रक्त साचण्याचं प्रमाण एकूण बाळंतिणींत लाखात दीड होतं. ज्यांना ही सुईनंतरची डोकेदुखी झाली होती त्यांच्यात लाखात १४७. जवळपास शंभरपट. तरीसुद्धा १४७ म्हणजे सातशेत एक, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. आठवडा उलटूनही डोकं दुखत असेल, किंवा झोपल्यावरही थांबत नसेल, तर मात्र कापसावर न भागवता डॉक्टर गाठायचा. उपायही आहे आणि तो मजेशीर आहे. तिच्याच दंडातलं १५-२० मिलिलिटर रक्त काढून पाठीत आवरणाबाहेर सोडतात, ते छिद्र बुजवतं. १९६० मध्ये गॉर्मली नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं हे पहिल्यांदा केलं, कारण टोचताना रक्त आलेल्या रुग्णांचं डोकं कमी दुखतं हे त्याच्या लक्षात आलं होतं.

(आणि कंबरदुखी? “त्या सुईनंच माझी कंबर गेली” हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात कोणीतरी बोललेलं आहे. कमरेतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना केली तर दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक सापडत नाही. बाळंतपणानंतर जवळपास निम्म्या बायकांची कंबर दुखते. सुई फक्त आरोपी म्हणून सोयीची पडते.)

सगळ्यांत जास्त घडणारी गोष्ट म्हणजे रक्तदाब पडणं. काहीच खबरदारी घेतली नाही तर सिझरच्या दहांतल्या सात-आठ जणींचा पडतो. भूल फक्त वेदनेच्या नसा बंद करत नाही, रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बंद करते. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांत साठतं, त्यात गर्भाशयाचं ओझं पाठीमागच्या मोठ्या शिरेवर. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहतं. आठ-दहा मिनिटांत तिच्या अंगातल्या एकूण रक्ताइतकं रक्त तिथून जातं. हा प्रवाह स्वतःला सांभाळू शकत नाही. आईचा दाब पडला की तो त्याच प्रमाणात पडतो. मॉनिटरवर आकडा येण्याआधी बाईच सांगते, “डॉक्टर, कसंतरी होतंय,” “मळमळतंय,” “घाबरल्यासारखं वाटतंय.” चांगला भूलतज्ज्ञ हे वाक्य ऐकलं की मॉनिटरची वाट पाहत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार वरचा दाब मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांवर राखायचा आणि ८० च्या खाली जाऊच द्यायचा नाही. त्यासाठी पहिली पसंती फेनिलेफ्रिनला.

त्या औषधाची कुपी हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. एक मिलिलिटर, त्यात १० मिलिग्रॅम. बाईला एका वेळी लागतात ५० ते १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे करंगळीएवढ्या त्या काचेत शंभर ते दोनशे डोस बंद असतात. रिवाज असा की कुपी १०० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळायची आणि त्यातलं अर्धा ते एक मिलिलिटर द्यायचं. पातळ करताना एक शून्य चुकलं तर दहापट, कुपी सरळ सिरिंजमध्ये ओढली तर शंभरपट. मग पडलेला दाब वर येतो आणि थांबत नाही. ठरल्यापेक्षा शंभरपट औषध चुकून जाऊ शकेल अशी बांधणी एखाद्या कारखान्यानं यंत्रात केली असती तर निरीक्षकानं टाळं ठोकलं असतं. थिएटरमध्ये रात्री दोन वाजता डोळे चोळत माणसं हा भागाकार रोज बिनचूक करतात.

रोज, पण नेहमीच नाही. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड हे फार गुणी औषध आहे. २०१७ च्या ‘वुमन’ चाचणीत २०,०६० बायका होत्या आणि शिरेतून लवकर दिलेल्या एक ग्रॅमनं रक्तस्रावाचे मृत्यू कमी होतात हे तिनं दाखवलं. तेव्हापासून ही कुपी सिझरच्या ट्रेमध्ये भुलीच्या कुपीशेजारी आली. दोन्ही काचेच्या, दोन्हींत बिनरंगी पाणी, कधी लेबलंही सारखी. हेच औषध चुकून पाठीत गेलं तर काही मिनिटांत पाठ-पाय पेटल्यासारखे होतात आणि झटके सुरू होतात. २०१९ मध्ये जगभरातल्या प्रसिद्ध झालेल्या अशा २१ घटना गोळा करून छापल्या गेल्या. २० जीवघेण्या होत्या, १० मृत्यू. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला यावर खास इशारा काढावा लागला. टक्केवारीत मांडता येत नाही असा हा धोका आहे, कारण एकूण किती वेळा असं घडलं हे कोणी मोजलेलं नाही. छापून आलं तेवढंच. पण दोन कुपींमधलं अंतर हे इथलं एकमेव औषध आहे. वेगळा ट्रे, वेगळं कपाट, आणि फोडण्याआधी लेबल मोठ्यानं वाचणं.

लोकांच्या मनात मात्र भीती असते ती लुळं पडण्याची. तिचा इतिहास आहे. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड इथे एकाच रुग्णालयात, एकाच दिवशी, पाठीतली भूल घेतलेले दोन पुरुष, वूली आणि रो, कमरेखाली कायमचे लुळे झाले. न्यायालयात फिनॉल या जंतुनाशकाला दोष गेला. पुढे अभ्यासकांनी निर्जंतुकीकरणाच्या भांड्यातल्या खार काढायच्या आम्लाकडे बोट दाखवलं. काहीही असो, त्या एका दिवसानं ब्रिटनमध्ये ही भूल कित्येक वर्षं मागे ढकलली.

साठ वर्षांनी त्याच देशानं मोजणी केली. एका वर्षात, २००६-०७ मध्ये, पाठीतून दिलेल्या ७,०७,४५५ भुली. त्यांतल्या ३,२०,४२५ बाळंतिणींच्या. प्रत्येक संशयास्पद प्रकरण भुलीच्याच माथी मारलं तरी बाळंतिणींत कायमची इजा ८० हजारांत एक, आणि भुलीमुळेच झाली अशी खात्री असलेली मोजली तर ३,२०,४२५ मध्ये एक. ब्रिटनमध्ये बाळंतिणींच्या हाती दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रात पक्षाघातासारखी गंभीर इजा अडीच लाखांत एकीला असं लिहिलेलं असतं. रोज तीन सिझर करणाऱ्या रुग्णालयाला अडीच लाख गाठायला २२८ वर्षं लागतील. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ते उघडलं असतं, तर पहिली अशी घटना आत्ता कुठे घडायची. म्हणूनच कोणताही एक भूलतज्ज्ञ “माझ्या आयुष्यात असं कधी झालं नाही” म्हणतो तेव्हा तो खरंच बोलतो, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

उलट बाजूनं ४५ लाखांनी गुणा. अडीच लाखांत एक म्हणजे देशात वर्षाला १८. त्याहून जवळचा आकडा भूल फार वर चढण्याचा. अमेरिकेतल्या ३० संस्थांनी पाच वर्षांत २ लाख ५७ हजारांहून अधिक प्रसूतीच्या भुलींची नोंद ठेवली. त्यात भूल धोकादायक उंचीवर जाण्याचं प्रमाण ४,३३६ मध्ये एक आलं. तेच प्रमाण इथे धरलं तर दिवसाला जवळपास तीन. हात जड होतात, मुठीची पकड जाते, आवाज कुजबुजण्याइतका होतो, मग श्वास. त्या वेळी करायचं काय हे पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानात मावतं: ऑक्सिजन, श्वासनलिकेत नळी, दाब वाढवायचं औषध, आणि भूल उतरेपर्यंत तिच्यासाठी श्वास घेत राहायचं. तास-दोन तासांत औषधाचा असर जातो आणि बाई परत येते. अट एकच, ते करणारा माणूस खोलीत हवा.

संमतीपत्रावर जवळपास कधीच नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे दुखणं. भूल देऊनही सिझर करताना दुखलं, अशी तक्रार घेऊन बाई आली की घरचे म्हणतात ओढल्यासारखं वाटतंच, आणि डॉक्टर म्हणतात ते दुखणं नव्हे, दाब. २०२२ मध्ये ५४ चाचण्यांमधल्या ३,४९७ बायकांचा हिशेब मांडला गेला. सगळ्या ठरवून केलेल्या सिझरच्या, म्हणजे घाईगर्दी नाही. तरी १४.६ टक्के जणींना मध्येच आणखी वेदनाशामक किंवा भूल द्यावी लागली. सातांत एक. पूर्ण भूल द्यावी लागलेल्या फक्त दोघी. अडीच लाखांत एक ओळ छापायची आणि सातांत एक सोडून द्यायची, हा विनोद आहे. त्या सातव्या बाईला आधी सांगितलेलं असतं की असं होऊ शकतं, दुखलं तर बोल, आम्ही थांबू, तर टेबलावर ती ओठ दाबून पडून राहिली नसती.

मग पूर्ण भूलच का देत नाहीत? त्याची उत्तरं जुनी आहेत. न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिगृहातल्या १९३२ ते १९४५ च्या ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदींत मेंडेलसन यांना ६६ अशा सापडल्या, ज्यांच्या पोटातलं अन्न-आम्ल भुलीत फुप्फुसात गेलं होतं. बाळंतिणीच्या घशात नळी घालणं ३९० मध्ये एकदा फसतं. जागं असल्याची जाणीव भुलीत राहून जाण्याचं प्रमाण ब्रिटनमध्ये एकूण शस्त्रक्रियांत १९ हजारांत एक आलं, सिझरमध्ये ६७० मध्ये एक. अमेरिकेत १९८५ ते १९९० या काळात सिझरच्या पूर्ण भुलीत दहा लाखांत ३२.३ मृत्यू होत होते आणि सुईच्या भुलीत १.९. सतरापट. हा फरक नंतर घटला, १९९७-२००२ मध्ये ६.५ आणि ३.८ वर आला. पूर्ण भूलही सुधारली. पण सुईनं बाजी मारली होती.

आता हेच आकडे आपल्या बाजूच्या जगात आणले की हिशेब फिसकटतो. २०१६ मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला: भूल देऊन प्रसूतीच्या शस्त्रक्रिया झालेल्या दर हजार बायकांत १.२ मृत्यू भुलीमुळे. म्हणजे ८३३ मध्ये एक. अमेरिकेच्या दहा लाखांत ३.८ शेजारी ठेवला तर तीनशेपट. दोन्ही अभ्यासांच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, तेव्हा तीनशेचे दीडशे करा हवं तर. औषध तेच, मात्रा तीच, सुई तीच. पाठीत जाणाऱ्या दोन मिलिलिटरना आपण कोणत्या देशात आहोत हे कळत नाही.

मग काय बदलतं? ब्रिटनमध्ये २०११ ते २०१४ या तीन वर्षांत गरोदरपणात हृदय बंद पडलेल्या प्रत्येक स्त्रीची नोंद केली गेली. ३६ हजारांत एक, एकूण ६६. त्यांतल्या २८ गेल्या. पण निव्वळ भुलीमुळे हृदय थांबलेल्या १६ जणी होत्या आणि सोळाच्या सोळा वाचल्या. रक्तस्राव, गुठळी, हृदयरोग यांनी जे केलं ते भुलीला करता आलं नाही, कारण या सोळा जणी कोसळल्या तेव्हा त्यांना कसं परत आणायचं हे जाणणारा माणूस उशाशीच होता. त्याच नोंदींत आणखी एक जोडी आहे: वाचलेल्या बायकांत हृदय थांबल्यापासून बाळ बाहेर काढेपर्यंत मध्यक तीन मिनिटं गेली होती, न वाचलेल्यांत बारा.

आपल्याकडे ती तीन मिनिटं कुणाकडे असतात, हा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरनं होतात, गोव्यात ३९.५, तेलंगणात ६०.७. खासगी रुग्णालयांत देशभरात ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. लाखामागे किमान पाच भूलतज्ज्ञ असावेत असं जागतिक भूलतज्ज्ञ महासंघ सांगतो. १४० कोटींना ७० हजार होतात, आणि आपण त्याच्या बरेच खाली आहोत. तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ मिळेना म्हणून सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं जीवरक्षक भुलीचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते गडचिरोलीहून नागपूरपर्यंत रुग्णवाहिकेत काढलेल्या तासांपेक्षा १८ आठवडे शिकलेला डॉक्टर केव्हाही बरा. शहरातला प्रश्न वेगळा. तिथे भूलतज्ज्ञ आहेत, पण बॅग घेऊन या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये धावणारे. बाळ रडलं, टाके सुरू झाले, पुढच्या ठिकाणाहून फोन वाजतोय, बाईचा दाब ठीक दिसतोय. बहुतेक जण तरीही थांबतात.

तेव्हा सिझर ठरलेलं असेल तर सुई लागेल का, लुळं पडायला होईल का, हे विचारून झाल्यावर एक विचारून ठेवावं: भूल देणारे डॉक्टर शेवटचा टाका पडून तिला वॉर्डात हलवेपर्यंत इथेच असतील ना? विचारायला अवघडायचं कारण नाही. औषधाच्या त्या दोन मिलिलिटरला शंभर रुपयेही पडत नाहीत. बिलावर ‘अॅनेस्थेशिया चार्जेस’ म्हणून जे हजारो रुपये लावलेले असतात ते थांबण्याचेच असतात.